चुलीचं तोंड पडवीत, ऊब आतल्या ओट्यात

प्रश्न विचारणारा भाऊ चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याशी शेतात राहणारा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १० बाय १२ ची विटांची खोली, वर पत्रा, समोर पडवी. रात्री लाइटचा भरवसा नाही. सोबत आई-वडील, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईला खोकला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्यांचे हातपाय गारठून जातात. मोबाइलवर पाहून जुन्या ड्रमचा लाकडाचा हीटर करावा आणि खोलीत ठेवावा असा विचार आहे. खर्चाला ३,००० रुपये आहेत. ड्रम कुठून कापावा आणि पाइप किती इंची घ्यावा?

भाऊ, ड्रमला हात लावण्याआधी थोडं थांबा. मी गवंडी माणूस. गेली तीस वर्षं चुली, बंब, भट्ट्या आणि मांड्यांचे मोठे चुल्हे बांधतो आहे. ड्रमचे हीटरही चार-पाच घरी करून दिले. त्यातला आज एकही जळत नाही, आणि दोष त्या घरच्या माणसांचा नव्हता.

ड्रमचा पत्रा एक-सव्वा मिलिमीटर जाड. आत जाळ झाला की दहा मिनिटांत तो इतका तापतो की जवळ बसवत नाही, आणि जाळ विझला की तासाभरात गार. आपली खरी थंडी पहाटे चार ते सहाची. त्या वेळी उठून लाकूड कोण सारणार? सत्तरीची आई? जिथे सहा-सहा महिने बर्फ असतो आणि माणूस दिवसभर घरात कोंडलेला असतो, तिथे असा लोखंडी हीटर शोभतो. खानदेशातली थंडी वेगळ्या जातीची आहे. धुळ्याला पारा ५-६ अंशांवर उतरतो, अक्कलकुव्याकडे डाब-वालंब्याला दव गोठतं, पण त्याच दिवशी दुपारी उन्हात बसवत नाही. म्हणजे आपल्याला चोवीस तास आग नको. संध्याकाळी स्वयंपाकाला जी आग आपण करतोच, तिचीच ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवता आली तर काम झालं.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना हे साधलं होतं. दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकडं आणि खाऱ्या मातीचा जाड थर, धूर जायला वर साणं. दिवसाची ऊब भिंती रात्री परत द्यायच्या. तुमच्या डोक्यावर पत्रा आहे, आणि पत्रा काहीच धरून ठेवत नाही. साधा हिशेब मांडतो. १२० चौरस फूट पत्रा, आत-बाहेर १५ अंशांचा फरक धरला तर त्यातून तासाला साधारण हजार किलोकॅलरी उष्णता निघून जाते. एक किलो कोरड्या लाकडात असते साडेतीन ते चार हजार. म्हणजे पाव किलो लाकडाची सगळीच्या सगळी उष्णता दर तासाला नुसती आभाळाला द्यायची. उघड्या चुलीसारखी उधळपट्टी केली तर त्यासाठी दोन-अडीच किलो जाळावं लागेल.

म्हणून तीन हजारांतला पहिला खर्च आगीवर नको, छतावर करा. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधा आणि खालून शेणमातीचा लेप द्या. बांबू शेताच्या बांधावर असेल तर खर्च फक्त सुतळीचा आणि मजुरीचा. कडबा किंवा गवत वर भरू नका, उंदीर येतात आणि ठिणगीची भीती राहते. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये जी फट असते, जिथून पहाटे वारा सरळ आत येतो, ती चिखलाने बुजवा. उंचावर वीतभर जाळीची एक खिडकी मात्र राहू द्या. तिचं कारण पुढे येईल.

दुसरी गोष्ट झोपण्याची. म्हातारी माणसं बाजेवर निजतात आणि वरून तीन-तीन गोधड्या घेतात, तरी कुडकुडतात. बाजेच्या विणीतून थंडी खालून येते. अंगाखाली दबलेली गोधडी चपटी होऊन निरुपयोगी होते. बाजेवर आधी दोन गोणपाटं, त्यात दाबून भरलेला कोरडा गव्हाचा भुसा, मग गोधडी. एवढ्याने माझ्या वडिलांची शेवटच्या हिवाळ्यातली झोप सुखाची झाली.

आता आगीकडे येतो, आणि आधी जिवाची गोष्ट सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या घरी बाळंतिणीच्या खोलीत रीतीप्रमाणे शेगडी ठेवली होती. दार लावलेलं, खिडकीला पोतं. निखारे लालबुंद, धुराचा पत्ता नाही. पहाटे बायको उठली ती डोकं धरूनच, ओकाऱ्या येत होत्या, पायात बळ नव्हतं. बाळ मलूल. आम्हाला वाटलं जागरण झालं. सासूबाईंनी दार सताड उघडलं आणि दोघांना ओसरीत आणलं. तासाभरात उतार पडला. तो कार्बन मोनॉक्साइड होता हे मला फार नंतर कळलं. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त ओढीने धरतं. धूर नसलेला निखारा निरुपद्रवी वाटतो, आणि तोच हा वायू सर्वांत जास्त सोडतो. निजलेल्या माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे घमेल्यात निखारे घेऊन निजलेलं कुटुंब सकाळी उठत नाही, अशी बातमी येते. तेव्हा भाऊ, निजायच्या खोलीत घमेलं नाही, शेगडी नाही, ड्रमही नाही. यात थोडंफार चालतं असं काही नाही.

खोलीत आग नको याचं आणखी एक कारण आहे. एक किलो लाकूड जळायला पाच-सहा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट ओढली जाते. ती भरते आठ ते दहा घनमीटर. तुमची अख्खी खोली तीस घनमीटरची. म्हणजे किलोभर लाकडामागे खोलीतली एक तृतीयांश ऊबदार हवा धुराड्यातून वर आणि तेवढीच गार हवा दाराच्या फटीतून आत. शेकोटीसमोर बसलं की छाती भाजते आणि पाठ गारठते, त्यात याचाही वाटा असतो.

मग करायचं काय? चुलीचं तोंड पडवीत ठेवायचं आणि तिचा धूर भिंतीतून आत नेऊन, खोलीतल्या मातीच्या ओट्याच्या पोटातून फिरवून, पलीकडच्या भिंतीबाहेर धुराड्यात सोडायचा. धूर खोलीत येत नाही, फक्त त्याची उष्णता ओट्यात उतरते. काश्मीरकडे हमाम म्हणून खोली असते, तिथे फरशीखाली बाहेरून जाळ घालतात, तत्त्व तेच. पण इतकं लांब जायला नको. आपल्या घरची वैल आठवा. मुख्य चुलीतला धूर बाजूच्या भोकाखालून जातो आणि त्यावर ठेवलेली डाळ तासभर ऊन राहते. हा ओटा म्हणजे सहा फूट लांब वैलच, डाळीऐवजी त्यावर आई-बाबा बसणार.

किती ऊब मिळेल? ६ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच ओटा भरीव मातीचा केला तर सात-आठ क्विंटल वजन भरतं. तो सरासरी १५ अंशांनी तापला तर त्यात दोन हजारांवर किलोकॅलरी साठतात. संध्याकाळच्या स्वयंपाकाला अडीच किलो लाकूड लागलं आणि धुरातून वाया जाणाऱ्या उष्णतेतली निम्मी जरी ओट्याने धरली तरी एवढं होतं. रात्रभरात ती हळूहळू बाहेर येते, साधारण अडीच-तीनशे वॉटचा हीटर मंद चालू ठेवावा तशी. खोली तापणार नाही हे आधीच सांगतो. पण पाठ आणि पाय ज्या जागेला टेकतात ती जागा पहाटे कोमट असेल. म्हाताऱ्या माणसाला खोलीचं तापमान नको असतं, पाठीला ऊब हवी असते.

बांधणीत आधी मातीचं बघा. शेतातली काळी माती अजिबात नको. ती पाण्याने फुगते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि इथे भेग म्हणजे खोलीत विषारी वायू. जुन्या गावठाणातली पांढरी माती आणा. एक भाग माती, दोन भाग नदीची वाळू, मूठ-मूठ गव्हाचा भुसा, आणि तीन-चार दिवस मुरत ठेवा. रोज पायाने तुडवा. शेण वरच्या लिंपणात घाला, आतल्या थरात नको, जाळाजवळ ते जळून जातं आणि पोकळी राहते. सिमेंटचा मोह टाळा. मी पहिला ओटा सिमेंटात बांधला होता, दुसऱ्याच हिवाळ्यात तो लांबीभर तडकला. माती तापली की थोडी हलते आणि पुन्हा लिंपता येते, सिमेंटला ती सोय नाही. भरावाला दगड घ्या, पण नदीतले गोटे जाळाजवळ लावू नका. त्यांच्या पोटात पाणी मुरलेलं असतं, तापले की बंदुकीसारखे फुटतात. विहिरीतून निघालेला कोरडा काळा दगड ओट्याच्या तळाला चालेल.

चुलीची मापं अशी. लाकूड सारायचं तोंड ५ बाय ५ इंच, म्हणजे २५ चौरस इंच. ओट्यातला बोगदा ६ बाय ६, धुराडं ६ इंची गोल, म्हणजे २८ चौरस इंच. धुराची वाट तोंडापासून धुराड्यापर्यंत कुठेही तोंडापेक्षा अरुंद होता कामा नये, हा चुलीच्या शास्त्राचा गाभा आहे. जिथे अरुंद झाली तिथून धूर मागे फिरतो आणि तोंडातून बाहेर येतो. भांड्याच्या बुडाखालची फटही याच हिशेबात येते. दहा इंची पातेल्याला पाऊण ते एक इंच फट ठेवली की २५ चौरस इंच भरतात. त्याहून जास्त ठेवली तर ज्वाला बुडाला लागतच नाही.

जाळाच्या तळापासून पातेल्यापर्यंत १२ इंच उभी जागा ठेवा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात रॉकेट चूल मांडली, तिचं मर्म या उभ्या नळीत आहे. लाकूड स्वतः जळत नाही, तापल्यावर त्यातून वायू निघतो आणि तो जळतो. तो पुरता जळायला सहाशे अंशांच्या वर उष्णता आणि थोडी उंची लागते. ती मिळाली नाही तर तोच वायू धूर म्हणून आईच्या छातीत जातो. म्हणून जाळाची जागा तापलेली राहिली पाहिजे. तिथे एक आडवी वीट, तिच्याभोवती तीन-चार इंच पोकळी, आणि त्या पोकळीत चाळलेली कोरडी राख दाबून भरा. राखेसारखी उष्णता अडवणारी फुकट वस्तू दुसरी नाही. ती वर्षभरात खाली बसते, वरून पुन्हा भरावी लागते. जवळ वीटभट्टी असेल तर मातीत दीडपट लाकडाचा भुसा मिसळून आठ-दहा विटा थापा आणि भट्टीवाल्याकडून भाजून घ्या. भुसा जळून विटेत बारीक छिद्रं राहतात आणि वीट हलकी, ऊब अडवणारी होते.

इथे एक अनुभव सांगायलाच हवा. सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. त्याच्या शेवटच्या काळात मीही त्या चुली बांधल्या. हेतू चांगला होता, धूर खरंच कमी व्हायचा. पण वर्षभराने गेलो तर बायकांनी तोंड पहारीने मोठं केलेलं. एक आजी मला म्हणाली, “धूर गया, पन भाकर फुगत नही, भाऊ.” दादर ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून जाळासमोर निखाऱ्याला उभी लावावी लागते, तेव्हा ती फुगते. त्या चुलीत निखारा खोल आत, हात पोचायचा नाही. चूल बांधणाऱ्याला भाकरी ठाऊक असायला हवी, हे त्या आजीने मला शिकवलं. म्हणून तोंडाच्या पुढे एक हात लांब, सपाट, पक्कं लिंपण करा. भाकरीच्या वेळी निखारे त्यावर ओढायचे. चूल पडवीत असल्यामुळे हवा मोकळी असते आणि तोंड मोठं करायची वेळ येत नाही.

ओट्यातला बोगदा जमिनीपासून आठ इंचांवर सुरू करा आणि धुराड्याकडे किंचित चढता ठेवा, सहा फुटांत दोन बोटं पुरे. दोन्ही बाजू विटांच्या. वर झाकायला जाळाजवळच्या पहिल्या दीड फुटात विटांची कमान घ्या, पुढे शहाबादी फरशी चालते. शहाबादी चुनखडीची असते, थेट जाळावर ती टिकत नाही. फरशीवर तीन-चार इंच मातीचा थर. लांबी सहा फुटांवर नेऊ नका. खोलीची भिंत बारा फुटी आहे म्हणून बारा फुटी ओटा करावासा वाटेल. पण धुराड्यालाही वर ओढायला उरलेली उष्णता लागते. धूर फारच गार झाला तर त्यातली वाफ आतच पाणी होऊन गळते, काळा चिकट रस भिंतीतून झिरपतो आणि ओढ मरते. एका ठिकाणी मी दहा फूट केला होता, महिनाभराने निम्मा तोडून सरळ धुराड्याला जोडावा लागला. बोगद्याच्या दोन्ही टोकांना विटेच्या आकाराचं एकेक साफसफाईचं भोक ठेवा, चुलीकडचं पडवीत आणि दुसरं धुराड्याच्या बुडाशी बाहेर. महिन्यातून एकदा तिथून काजळी ओढायची.

धुराडं हाच तुमचा मोठा खर्च. ते भिंतीबाहेर, पत्र्यातून नेऊ नका. जाळाच्या तळापासून बारा फूट उंची धरा आणि जवळच्या छताच्या उंच कडेपेक्षा दोन-तीन फूट वर काढा, नाहीतर वारा पत्र्यावरून घसरून धूर खाली दाबतो. खालचे चार फूट विटांचं बांधा, वर काळ्या पत्र्याचा पाइप पत्रेवाल्याकडून वळवून घ्या. पांढरा जस्ताचा पाइप जाळाजवळ कधीच नको, तापलं की जस्ताचा धूर अंगात ताप आणतो, वरच्या टोकाला चालेल. पूर्वी सिमेंटचे ॲस्बेस्टॉसचे पाइप सर्रास लावायचे, कुणी जुना फुकट देत असेल तरी घेऊ नका. कुंभार ओळखीचा असेल तर सहा इंची मातीच्या नळ्या भाजून घ्या, एकात एक बसणाऱ्या. त्या स्वस्त पडतात आणि पावसात गंजत नाहीत. तोंडावर टोपी हवीच.

सरपणाबद्दल लोक कमी विचारतात, पण निम्मा धूर ओल्या लाकडाचा असतो. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं. त्या पाण्याची वाफ करायला किलोला ५४० किलोकॅलरी जातात आणि जाळ थंडावतो तो वेगळाच. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: टणकन वाजल्या तर कोरड्या, धप्प झालं तर अजून थांबा. वेडी बाभूळ बांधावरून काढायचीच असते, तिचं लाकूड जड आणि निखारा टिकाऊ. फांद्या मनगटापेक्षा जाड असतील तर फोडा, पाच इंची तोंडात त्या मावतही नाहीत. तुराट्या आणि मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, उत्तम. केळीचे खांब वाळवून जाळता येतील का, असं रावेर-यावलकडचे शेतकरी विचारतात. त्यात नव्वद टक्के पाणी असतं, ते खताच्या खड्ड्यातच बरे. गोवऱ्या मंद आणि धुरकट, या चुलीत त्या घालू नका. कण्हेर जाळू नका, ती विषारी. आणि आग पेटवायला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा घालायची जी सवय घरोघरी लागली आहे, ती मोडा. कोरडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, काडीनेच पेटते.

पऱ्हाटीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. भरीत पऱ्हाटीच्या जाळावरच खरं लागतं, आणि या चुलीलाही ती छान मानवते, लवकर पेटते, कडक जळते. पण तिच्या वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पतंग होऊन घरामागच्या गंजीतून पुढच्या कपाशीवर उडते. म्हणून कृषी खातं पऱ्हाटी रचून ठेवू नका म्हणतं, आणि ते बरोबरच आहे. मी असं करतो: उपटल्याबरोबर बोंडं झोडून, गोळा करून जाळतो. हिवाळ्यात लागेल एवढीच पऱ्हाटी हातभर तुकडे करून पडवीत ठेवतो आणि होळीच्या आत संपवतो. बाकीची शेतातच कुट्टी करून. दुसऱ्या वर्षासाठी साठा करायचा तो तुराट्या आणि बाभळीचा.

आंघोळीच्या पाण्याला ही चूल वापरू नका, सकाळी तिला विश्रांती द्या. त्यासाठी बंब आहेच, आणि बंब ही फार शहाणी वस्तू आहे: मधोमध उभी नळी, भोवती पाणी, वर आपोआप ओढ. वीस लिटर पाणी १५ वरून ४५ अंशांवर न्यायला सहाशे किलोकॅलरी लागतात, चांगल्या बंबात अर्धा किलो सरपणात काम होतं. बंब नसेल तर पंधरा किलो तेलाच्या डब्याची भुशाची शेगडी करा. डब्याच्या बाजूला तळाशी दोन-अडीच इंची भोक पाडा, त्यातून एक दंडुका आडवा घाला, त्यावर मधोमध दुसरा उभा धरा, आणि भोवती लाकडाचा भुसा थराथराने ठोकून भरा. भुसा इतका दाबा की दंडुके ओढून काढल्यावर पोकळी ढासळणार नाही. खालून पेटवली की तीन-चार तास हाताने काही न करता जळते. ती उघड्यावरच, अंगणात. रात्री पडवीतल्या चुलीवर शेवटी एक पातेलं पाणी ठेवून द्या, झोपताना रबरी पिशवीत भरून आईच्या पायाशी. तीन किलोची तापवलेली वीट आणि तेवढंच गरम अर्धा-पाऊण लिटर पाणी साधारण सारखीच ऊब देतात. पिशवी नसेल तर वीट गोणपाटात गुंडाळा, हाताला सोसेल एवढीच गरम.

ड्रम घरात पडूनच असेल तर त्याबद्दल एक सांगतो. कीटकनाशकाचा, थिनरचा, डिझेलचा ड्रम कोणत्याच चुलीसाठी वापरू नका, आणि बंद ड्रमला गॅसने किंवा ग्राइंडरने कापायला घेऊ नका. आत राहिलेली वाफ पेट घेते आणि तोंडावर फुटते. रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो.

बांधून झाल्यावर आठ-दहा दिवस नुसतं सुकू द्या, मग चार दिवस रोज पावशेर तुराट्यांचा बारीक जाळ. घाईने मोठा जाळ केला तर ओल्या मातीतली वाफ कमान उचलते. मग धुराची परीक्षा, ही चुकवू नका. धुराड्याचं तोंड वरून ओल्या पोत्याने दाबा, चुलीत कडुनिंबाचा ओला पाला टाका आणि चुलीचं तोंडही विटेने झाका. खोली अंधारी करून बॅटरीच्या उजेडात ओट्यावरून, कोपऱ्यातून, भिंतीच्या सांध्यातून नजर फिरवा. जिथे धुराचा धागा दिसेल तिथे ओल्या मातीने लिंपा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एकही धागा दिसेनासा होईपर्यंत त्या खोलीत कुणी निजू नये. पुढेही दरवर्षी दिवाळी झाली की लिंपण आणि ही परीक्षा करायची. वरची जाळीची खिडकी कितीही थंडी असली तरी बुजवू नका, एखादी भेग नजरेतून सुटली तर तीच आधार.

पहिल्या थंड रात्री ओढ लागली नाही तर घाबरू नका. रात्रभर गार पडलेल्या धुराड्यात जड हवा बसलेली असते. बुडाच्या भोकातून पेटता कागद आत टाका, भोक बंद करा, आणि मग चूल पेटवा. फाल्गुनात थंडी सरली की बोगद्याची दोन्ही तोंडं विटेने बंद करून स्वयंपाक अंगणातल्या चुलीवर न्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा कोमट ओटा नको. रिकाम्या बोगद्यात उंदीर आणि विंचू शिरतात, म्हणून तोंडं मातीने लिंपून टाका. दिवाळीनंतर ती फोडताना आधी काठी आत घालून बघा.